‘ज्युरासिक पार्क’मधल्या चुका: कुठल्या खऱ्या, कुठल्या नुसत्या यादीतल्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही आणि तुमच्या धाकट्या भावाने १९९३चा ‘ज्युरासिक पार्क’ पुन्हा पाहिला आणि भावाने चुकांची यादी काढली. टी-रेक्स ज्या कुंपणातून सपाट चालत रस्त्यावर आला, तिथेच थोड्या वेळाने गाडी कोसळण्याइतका खोल कडा कसा? ज्याच्या पावलांनी ग्लासातलं पाणी हलतं, तो शेवटी इमारतीत आवाज न करता कसा पोचला? सॅन होजेला समुद्र कुठून आला? रॅप्टर एवढे थोराड कसे? स्वयंपाकघरात शिरणाऱ्या रॅप्टरच्या शेपटीला माणसाचा हात कसा दिसतो? भावाचं म्हणणं, सिनेमा ढिसाळ आहे. तुम्ही प्रत्येक मुद्द्याला काही ना काही उत्तर देता. आणि आता विचारता आहात, की दोघांपैकी बरोबर कोण.

मला वाटतं, तुमचा वाद अडला आहे तो वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच यादीत आल्यामुळे. शेपटीवरचा हात, सॅन होजेचा समुद्र आणि कुंपणामागचा कडा या तिन्हींना आपण ‘चूक’ म्हणतो. पण त्या वेगवेगळ्या टेबलांवर घडतात, वेगवेगळ्या कारणांनी घडतात आणि बघणाऱ्याचं वेगवेगळं नुकसान करतात. खरा प्रश्न असा, की सिनेमाने स्वतः आपल्याला जे सांगितलं होतं, ते त्याने स्वतःच कुठे मोडलं? ते एकदा वेगळं काढलं की यादीतला बराचसा भाग गळून पडतो, आणि जे उरतं त्यावर बोलायला मजा येते.

मी संकलक आहे. त्याआधी बरीच वर्षं सेटवर कंटिन्युइटी सांभाळली: कुणाच्या कुठल्या हातात कप होता, पदर कुठल्या खांद्यावर होता, दिवा पेटलेला होता की विझलेला. सेटवर आम्ही त्याला ‘जंप’ म्हणतो. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग दाखवणाऱ्या रुंद शॉटमध्ये, नटाने डाव्या हाताने दार उघडलं आणि क्लोजमध्ये, म्हणजे जवळून घेतलेल्या शॉटमध्ये, उजव्या, की जंप गेला. आणि एडिट टेबलवर बसल्यावर कळतं, की सगळ्या जंपांची किंमत सारखी नसते. समजा, चार टेक आहेत. तिसऱ्यात नटीचे डोळे खरोखर भरून आले आहेत, पण कप चुकीच्या हातात आहे. चौथ्यात कप बरोबर आहे आणि चेहरा कोरा. कुठलाही शहाणा संकलक तिसरा घेतो. तो जंप त्याला दिसत असतो, आणि तरीही तो घेतो. म्हणून पडद्यावरची प्रत्येक विसंगती म्हणजे कुणाचं तरी दुर्लक्ष, असं धरून चालू नका.

आता हेही मान्य करतो, की निकाल बराचसा परिस्थितीवर अवलंबून असतो. तुम्ही सिनेमा कितव्यांदा पाहता आहात, कुठे पाहता आहात आणि सिनेमा कुठल्या जातीचा आहे, यावर. कालप्रवासाचा किंवा गुन्ह्याच्या तपासाचा सिनेमा आपल्याला सांगत असतो की नीट लक्ष ठेवा, धागे जुळवा. तिथे एक तारीख चुकली तरी तो मोठा दगा. ‘ज्युरासिक पार्क’ हा भीतीचा आणि नवलाचा सिनेमा आहे. तो सांगतो की पळा. शिवाय तो बनला तेव्हा लोक थिएटरात एकदा, फार तर दोनदा बघत. आपल्याकडे १९९४ साली तो हिंदीत डब होऊन आला तेव्हा एकपडदा थिएटरांत कुणाच्या हातात पॉजचं बटण नव्हतं. पुढे कॅसेट आणि केबलवर चित्र इतकं पुसट असे की तो हात शोधूनही दिसला नसता. आज फोर-के प्रतीवर चौकट गोठवून जे दिसतं, ते बनवणाऱ्यांच्या हिशोबात नव्हतं.

टीव्हीवरच्या प्रतींबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण अशा याद्यांत ती नेहमी गोंधळ घालते. त्या काळात कितीतरी सिनेमे निगेटिव्हवर उंच चौकटीत चित्रित होत आणि थिएटरात वरखाली झाकून रुंद दाखवले जात. टीव्हीसाठी ते झाकण काढलं, की झाकलेल्या भागातला माइक, लाइटचा स्टँड, ट्रॅकचा तुकडा उघडा पडतो. दिग्दर्शकाने तो भाग दाखवायचा ठरवलेलाच नव्हता. त्यामुळे कुठल्याही जुन्या सिनेमात माइक दिसला, की आधी प्रत कुठली ते बघावं.

तो शेपटीवरचा हात मात्र खरा आहे. रॅप्टर स्वयंपाकघराच्या दारातून आत येतो तेव्हा त्याला सावरणारा हात क्षणभर दिसतो. त्या प्रसंगात काही शॉटमध्ये यंत्राचा रॅप्टर आहे, काहींत पोशाख घातलेला माणूस, काहींत संगणकावर रंगवलेला प्राणी. एवढं जडजंबाळ धूड दारातून आत घ्यायचं, तर मागे कुणीतरी धरायला लागणारच. हा कारागिरीतला दोष आहे, कथेशी त्याचा संबंध नाही. भावाला हा मुद्दा देऊन टाका. त्याने सिनेमाचं काहीच बिघडत नाही. संगणकतज्ज्ञ नेड्री बंदरावरच्या माणसाशी पडद्यावर ‘थेट’ बोलतो आणि त्या खिडकीखाली आधी मुद्रित केलेल्या व्हिडिओची पट्टी सरकताना दिसते, तेही याच खात्यातलं.

याउलट एक ‘चूक’ लोक मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात आणि ती चूकच नाही. छोटी लेक्स संगणकावर बसते, पडद्यावर ठोकळ्यांचं एक गाव उलगडतं, ती त्यातून उडत जाते आणि म्हणते, ही तर युनिक्स यंत्रणा. लोक म्हणतात, असला संगणक कुठे असतो? होता. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीच्या यंत्रांवर फायली त्रिमितीत दाखवणारा तो प्रोग्रॅम खरोखरच चालायचा, आणि ती यंत्रं युनिक्सवरच चालायची. डोळ्यांना खोटी वाटणारी गोष्ट खरी निघते, असं क्वचित होतं, पण होतं.

विज्ञानाच्या आक्षेपांकडे वळतो. विज्ञानकथेत पहिल्या काही मिनिटांत एक अशक्य गोष्ट समोर ठेवली जाते आणि आपण ती मान्य करून पुढे जातो. इथे ती म्हणजे, झाडाचा चीक गोठून झालेल्या ॲम्बरमध्ये अडकलेल्या डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोरचा डीएनए काढणं. न्यूझीलंडमधल्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवर झालेलं संशोधन २०१२मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार तिथल्या परिस्थितीत हाडांमधला डीएनए ५२१ वर्षांत निम्मा होतो. त्या हिशोबाने साडेसहा कोटी वर्षांनंतर काहीही उरत नाही. पण हे १९९३च्या सिनेमाविरुद्ध वापरणं अन्याय आहे, आणि तसंही ती गोष्ट आपण दारातच मान्य केली होती. रॅप्टरला पिसं नाहीत, हा आक्षेपही त्याच जातीचा. पिसं असलेल्या डायनासोरचे चीनमधले जीवाश्म १९९६पासून पुढे आले. खऱ्या व्हेलोसिरॅप्टरच्या हातावरच्या पिसांच्या खुणा २००७मध्ये नोंदवल्या गेल्या.

रॅप्टरच्या आकाराबद्दल भाऊ अर्धा बरोबर आहे. खरा व्हेलोसिरॅप्टर मंगोलियातला, साधारण टर्की कोंबडीएवढा. सिनेमातला नायक, डायनासोरतज्ज्ञ डॉ. ग्रँट उत्खनन करतो ते अमेरिकेत, माँटानामध्ये, आणि तिथे सापडतो तो त्याचा मोठा नातेवाईक डायनोनिकस. मूळ कादंबरीकार मायकेल क्रायटन ज्या वर्गीकरणावर विसंबले होते, त्यात डायनोनिकसलाही व्हेलोसिरॅप्टर हेच नाव दिलेलं होतं. म्हणजे नाव आणि स्थळ यांची सांगड निदान एका पुस्तकापुरती तरी बसत होती. पडद्यावरचा प्राणी डायनोनिकसहूनही मोठा आहे, हे खरं. पण त्याच सुमाराला, १९९१मध्ये, युटा राज्यात याच कुळातला त्याहून मोठा प्राणी सापडला आणि सिनेमा आला त्याच वर्षी त्याचं युटारॅप्टर असं नामकरण झालं.

इथे तुमच्या बाजूची एक सवय मला खटकली. प्रत्येक आक्षेपावर तुम्ही म्हणता, ‘त्यांनी बेडकाचा डीएनए मिसळला होता ना!’ सिनेमात बेडकाचा डीएनए एका ठरावीक कामासाठी आहे. उद्यानातले सगळे प्राणी माद्या आहेत, तरी अंडी सापडतात. त्याचं उत्तर, काही पश्चिम आफ्रिकी बेडूक लिंग बदलू शकतात. हे सिनेमा आधी पेरतो आणि नंतर उगवून दाखवतो. छान काम आहे ते. पण आकार, पिसं, नजर, आवाज या सगळ्यांवर तेच औषध लावलं, तर तुम्ही सिनेमाचा बचाव करत नाही. त्याने न लिहिलेलं तुम्ही लिहिता आहात. बचावाचा पुरावा पडद्यावरच असला पाहिजे.

ॲम्बरबद्दल मात्र माझा खरा आक्षेप आहे, आणि तो तुमच्या भावाच्या यादीत नाही. सिनेमा पाटी दाखवून सांगतो, की ही खाण डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आहे. तिथला ॲम्बर साधारण दीड ते दोन कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळचे चढे अंदाज धरले, तरी तो डायनासोर गेल्यानंतरचाच. म्हणजे त्यात अडकलेला डास डायनासोरला चावलेला असूच शकत नाही. हे टाळायला एक पैसा लागला नसता. लेबनॉनसारख्या ठिकाणी डायनासोरच्या काळातला ॲम्बर मिळतो हे तेव्हाही ठाऊक होतं; नुसती पाटी बदलायची. अशक्य गोष्ट मान्य करून घेतल्यावर तिच्याभोवतीचे साधे तपशील बरोबर ठेवणं ही बनवणाऱ्यांची जबाबदारी असते. सॅन होजेचंही तेच. ते शहर कोस्टा रिकाच्या मधोमध, डोंगरांनी वेढलेलं. सिनेमात त्याच्या नावाखाली किनाऱ्यावरची खानावळ आहे, कारण बाहेरचं बरंच चित्रण हवाई बेटांमध्ये कावाईला झालं. पुण्याच्या पाटीमागे लाटा दिसल्या तर आपण खुर्चीतून उठू. कोस्टा रिकाच्या प्रेक्षकाचं तसंच झालं असणार. आपल्याला ते जाणवत नाही, म्हणून ती चूक नाही असं होत नाही.

आता तो कडा. यादीतला हा सगळ्यात सकस मुद्दा आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ या. सिनेमा आपल्याला काय सांगतो? दिवसा गाड्या कुंपणाशी थांबतात आणि कुंपणाच्या आत, रस्त्याच्या पातळीवर, जमिनीतून लिफ्टने एक बकरी वर येते. रात्री, पावसात, गाड्या तिथेच अडकतात. बकरी गायब होते, तिचा पाय गाडीच्या काचेच्या टपावर पडतो. टी-रेक्स तारा तोडतो आणि पाय टाकून रस्त्यावर येतो. चढून येत नाही, सरळ चालत येतो. मग बरीच धुमश्चक्री होते, आणि शेवटी तो गाडी ढकलत कठड्यापर्यंत नेतो. तिथे मागे खोल दरी आहे. ग्रँट आणि लेक्स तारेला लोंबकळत उतरतात, गाडी झाडात अडकते.

बचाव करणारे म्हणतात, की कुंपण लांब आहे, एका टोकाला जमीन वर आणि बाजूला खंदक, आणि ढकलताना गाडी सरकत खंदकापाशी गेली. भूगोल म्हणून हे अशक्य नाही. प्राणिसंग्रहालयांत असे खंदक असतातच. पण पडद्यावर तो उतार एकदाही दिसत नाही. कुणी पात्र त्याचा उल्लेख करत नाही. एडिट टेबलवर मी याला निखळ भौगोलिक चूक म्हणेन.

ती का झाली असावी, हे माझ्या कामावरून सांगतो. हल्ल्याचा प्रसंग वॉर्नर ब्रदर्सच्या १६ नंबरच्या स्टेजवर, छताखाली, कृत्रिम पावसात चित्रित झाला. स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने बनवलेला टी-रेक्स काही टन वजनाचा होता आणि जमिनीला पक्क्या बसवलेल्या हायड्रॉलिक बैठकीवर उभा होता. तो चालू शकत नव्हता. पावसात त्याची फोमची कातडी पाणी पिऊन जड व्हायची आणि तो थरथरायला लागायचा. अशा वेळी सेटचा भूगोल प्राण्याच्या सोयीने ठरतो: गाडी कुठे, कुंपण कुठे, कॅमेरा कुठे. आणि गाडीसकट माणसं कोसळतील एवढी दरी काही त्या रस्त्याशेजारी खणता येत नाही. ती वेगळी उभी करावी लागते. आपल्याकडेही हे रोजचं आहे. वाडा बाहेरून मेणवलीचा आणि आतून गोरेगावच्या फिल्मसिटीतला. बाहेर दार आत उघडतं आणि आतल्या सेटवर बाहेर. दोन जागा जोडायला मधला एक रुंद शॉट लागतो, ज्यात दोन्ही दिसतं. इथे तो शॉट नाही. दिवसाच्या प्रसंगात गाडीतून कुणी उजवीकडे बघून ‘केवढा खंदक!’ एवढं म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

मग पहिल्यांदा बघताना आपल्याला हे का कळत नाही? मायकेल कान यांचं संकलन त्याचं उत्तर आहे. रात्र, पाऊस, प्रकाश फक्त हेडलाइट आणि बॅटरीचा. आपल्याला धरून ठेवायला एकच गोष्ट दिलेली आहे: मुलं आणि प्राणी यांच्यातलं अंतर. कुंपण आणि रस्ता यांचं नातं हळूहळू आपल्या हातातून सुटतं, आणि तेवढ्यात जमीन संपते. गाडी उलटीपालटी झाल्यावर दिशा हरवणं स्वाभाविकच वाटतं. चूक खरी आहे. पण बसलेल्या प्रेक्षकाचा हात सुटत नाही. मी तिला मधल्या वजनाची म्हणेन. पाचव्यांदा बघताना ती सतावते आणि सतावायलाच हवी.

शेवटी आवाज न करता येणारा टी-रेक्स जरा वेगळा मामला आहे. इथे भाऊ म्हणतो ते बरोबर, की नियम सिनेमानेच घातला होता. आधी ग्लासातल्या पाण्यात वर्तुळं, मग जीपच्या मागे बसलेल्या गणितज्ञ माल्कमला डबक्यात दिसणारी वर्तुळं. ‘तो येतो तेव्हा कळतं’ हे आपल्या अंगात भिनवलेलं आहे. आणि मग अभ्यागत-केंद्राच्या दालनात तो अचानक हजर.

कारण निर्मितीत सापडतं. आधीच्या आराखड्यात टी-रेक्स शेवटी येणारच नव्हता. रॅप्टरचा निकाल दालनातल्या सांगाड्याच्या मदतीने लागायचा होता. चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक स्पीलबर्ग यांना वाटलं, की प्रेक्षकांना टी-रेक्स पुन्हा हवा असणार, आणि शेवट बदलला. उशिरा जोडलेल्या भागाची पूर्वतयारी आधीच्या प्रसंगांत नसते. मी असा शेवट टेबलवर पाहिला, की पहिल्यांदा हेच विचारतो: हा कधी लिहिला?

तरी इथे पडद्यावरचाच एक अर्धा बचाव आहे. मैदानात गॅलिमिमसचा कळप पळत येतो, तेव्हाही टी-रेक्स झाडीतून एकाएकी झेपावतो. आधी जमीन हादरत नाही. म्हणजे फिरताना दणदणणारा आणि शिकारीला दबा धरणारा, अशी दोन वागणं सिनेमाने दाखवलेली आहेत. अर्धाच बचाव म्हणतो, कारण मैदानात कळपाच्या धावण्याने पावलं झाकली जाऊ शकतात. दालनात रॅप्टर आणि कोसळणारा सांगाडा आहेत, पण तो आत शिरला कुठून, हे आपल्याला दाखवलेलंच नाही. माझा निकाल: नियम मोडला, समजून उमजून मोडला, आणि मोडण्याच्या बदल्यात जे मिळालं ते जास्त मोलाचं होतं. तिसरा टेक घेण्यासारखंच आहे ते.

एवढ्यावर तुमचा वाद असा उभा राहतो: हात आणि व्हिडिओची पट्टी भावाच्या खात्यात, पण हलक्या वजनाने. समुद्र आणि ॲम्बर त्याच्याच खात्यात, आणि त्यांना बचाव नाही. पिसं आणि संगणक तुमच्या खात्यात. कडा त्याचा, शेवट दोघांत वाटून.

मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि चुकांच्या याद्यांत तिला क्वचितच जागा मिळते. आजारी ट्रायसेराटॉप्स आठवतो? ग्रँटची सहकारी, वनस्पतिशास्त्रज्ञ एली चौकशी करते, कळतं की तो दर सहा आठवड्यांनी आजारी पडतो. ती विषारी झुडुपाचा संशय घेते, विष्ठेत हात घालून बिया शोधते, आणि काही सापडत नाही. मग वादळ येतं आणि विषय संपतो. कादंबरीत याचं उत्तर आहे. तिथे प्राणी स्टेगोसॉरस आहे. अन्न दळण्यासाठी तो ठरावीक काळाने पोटातले दगड बदलतो आणि नवे दगड गिळताना जमिनीवर पडलेली विषारी फळंही पोटात जातात. सहा आठवड्यांचं गणित तिथे बसतं. सिनेमाने कोडं ठेवलं आणि उत्तर काढून टाकलं.

पटकथेत तो प्रसंग का राहिला, हे सहज दिसतं. एली त्या प्राण्यापाशी मागे थांबते, म्हणून रात्री ती गाडीत नसते, म्हणून ग्रँट मुलांबरोबर एकटा पडतो आणि मुलं नको असणाऱ्या माणसाला मुलं सांभाळावी लागतात. त्या प्रसंगाचं खरं काम हे आहे, आणि ते तो चोख करतो. पण त्यासाठी त्याने एका शास्त्रज्ञ बाईची हुशारी पणाला लावली, आपल्यालाही तिच्याबरोबर विचार करायला लावलं आणि मधेच उठून गेला. इथे प्रेक्षकाला स्पष्ट वचन दिलं होतं, की थांबा, उत्तर येतंय. दोन वाक्यांत ते देता आलं असतं. पशुवैद्य शेजारीच उभा होता. पुढच्या वेळी दोघं मिळून बघाल, तेव्हा कड्याच्या आधी या प्रसंगावर वाद घाला. भावाला खरोखर धारदार मुद्दा हवा असेल, तर तो इथे आहे.

आणि तो टी-रेक्सच्या नजरेचा प्रश्न, जो तुम्ही शेवटी जाता जाता विचारला होता: हललं नाही तर दिसत नाही, मग स्वच्छतागृहात बसलेला वकील गेनारो कसा सापडला? नीट बघा, तो बसलेला आहे पण लटालटा कापतो आहे. नियम मोडलेला नाही. अडचण आहे ती वासाची. ग्रँट आणि लेक्सच्या तोंडापाशी नाक आणून टी-रेक्स फुत्कारतो, ग्रँटची टोपी उडते, आणि तरीही त्याला ते सापडत नाहीत. ग्रँटने फक्त नजरेबद्दल सांगितलं होतं. वासाबद्दल सिनेमा काहीच बोलत नाही. पावसाने वास धुऊन गेला, असं तुम्ही म्हणू शकता. तो पाऊस पडद्यावरच आहे, दिसतोय आणि त्याचा आवाजही येतोय, त्यामुळे हा बचाव मी मान्य करतो.